नार्निया पाहून झाल्यावर मुलांना काय विचारायचं?

मार्क १०:४५ वर्गात नुकतंच वाचून झालं होतं. मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, हे ते वचन. सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, खंडणी म्हणजे पेपरात येते ती ना? हप्ता? मग येशूने हप्ता कुणाला दिला?"

मी समजावलं. गुलामाला सोडवण्यासाठी भरायची रक्कम, मुक्तीची किंमत वगैरे. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दोन आठवड्यांनी आमच्या घरी मुलं नार्नियाचा पहिला चित्रपट बघत होती. गोरी चेटकीण भर छावणीत येते आणि फितूर एडमंडच्या रक्तावर आपला हक्क आहे असं बजावते. तेव्हा तोच मुलगा शेजाऱ्याला कुजबुजला, "ही खंडणी मागतेय." पुढे काय झालं ते त्याने पापणी न हलवता पाहिलं.

तेव्हापासून मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांबरोबर आणि तरुण संघाबरोबर फॅन्टसी चित्रपट बघते. सोलापुरात कुणाला हे नव्याने सुरू करायचं असेल, तर माझ्या हाताला जे लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

आधी मनातली अडचण सोडवा

"बोलणारे प्राणी, चेटकिणी, अंगठ्या, याचा वचनाशी काय संबंध?" हा प्रश्न तुम्हाला मंडळीतून येईल आणि बहुधा तुमच्याच मनातही असेल. म्हणून पहिली पायरी चित्रपटाची नाही, पवित्र शास्त्र उघडण्याची आहे. शास्ते ९:८ ते १५ वाचा. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेल नको म्हणते, आणि शेवटी काटेरी झुडूप म्हणतं, या माझ्या सावलीला. राजा होऊन बसलेल्या अबीमलेखाच्या सत्तालोभाबद्दल त्याचा भाऊ योथाम याला लोकांशी बोलायचं होतं, आणि त्यासाठी त्याने बोलणारी झाडं वापरली. मग २ शमुवेल १२ वाचा. नाथान संदेष्टा दावीद राजाला थेट पापी म्हणत नाही. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद संतापतो, निकाल देऊन मोकळा होतो, आणि मग त्याला कळतं की हा निकाल आपल्यावरच आहे.

गोष्ट हेच करते. माणूस सावध नसतो तेव्हा ती आत शिरते.

आपल्या भाषेत तर हे चारशे वर्षं चालू आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, ते ओवीत. पुराण ऐकायला बसण्याची सवय लोकांच्या अंगात होती, तिचाच त्याने आधार घेतला. पुढे मराठी ख्रिस्ती कीर्तनं झाली, त्यांतही आधी वचनाचं निरूपण आणि मग रंगवून सांगितलेलं आख्यान. आपण चित्रपटाला आख्यानाच्या जागी बसवतो आहोत, एवढंच.

चित्रपट कोणता?

पहिल्या वेळी एकच निवडा: २००५ चा नार्निया, अँड्र्यू अ‍ॅडमसन यांनी दिग्दर्शित केलेला. सी. एस. लुईस यांचं मूळ पुस्तक १९५० चं. इथे ख्रिस्ती धागा ओढूनताणून काढावा लागत नाही, लेखकाने तो जाणूनबुजून विणला आहे. मात्र लुईस यांचं म्हणणं नीट समजून घ्या. असलान हा सिंह येशूचं नुसतं प्रतीक आहे, असं ते म्हणत नसत. नार्नियासारखं एखादं जग खरंच असतं, आणि देवाचा पुत्र आपल्या जगात माणूस होऊन आला तसा त्या जगात यायचा असता, तर तो कसा आला असता, अशी ती कल्पना आहे. हा फरक बारीक वाटतो, पण चर्चेत फार उपयोगी पडतो. मुलं मग "हा म्हणजे तो, ती म्हणजे ही" अशा जोड्या लावायला बसत नाहीत.

त्यानंतर, मुलं दहावीच्या पुढची असतील तर, लॉर्ड ऑफ द रिंग्ज. पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट, २००१, २००२ आणि २००३ चे. ते मोठे आहेत, शेवटचा तीन तासांच्याही वर जातो, आणि लढाया भयंकर आहेत. जे. आर. आर. टोल्किन हे निष्ठावान कॅथलिक. रूपककथा त्यांना मुळीच आवडत नसे, आणि तरीही १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपलं हे काम मुळातच धार्मिक आणि कॅथलिक असल्याचं म्हटलं. त्यांच्या कथेत कुणी प्रार्थनामंदिरात जात नाही, देवाचं नावही क्वचित निघतं. श्रद्धा आहे ती घटनांच्या पोटात. पुस्तकात शत्रूच्या ज्या अंगठीभोवती सगळी कथा फिरते तिचा नाश होतो ती तारीख २५ मार्च आहे. देवदूताने मरीयेला निरोप दिला त्याच्या स्मरणाचा हा दिवस. चित्रपटात तारीख सांगत नाहीत, पण मुलांना हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

हे दोघे लेखक एकमेकांचे मित्र होते, ऑक्सफर्डला. सप्टेंबर १९३१ मधल्या एका रात्री टोल्किन, लुईस आणि ह्युगो डायसन हे तिसरे मित्र चालता चालता पुराणकथांवर उशिरापर्यंत बोलत राहिले. लुईस यांना तोवर देव पटला होता, ख्रिस्त पटला नव्हता. जगभरच्या पुराणकथांतून मरून उठणाऱ्या देवाची जी ओढ दिसते, ती एकदा इतिहासात खरी घडली, हा विचार त्या बोलण्यातून त्यांच्यात रुजला आणि लवकरच ते ख्रिस्ती विश्वासात आले. गोष्टींतून विश्वासाकडे वाट जाते याचा मला माहीत असलेला हा सर्वांत भक्कम दाखला आहे, म्हणून तो मी पालकांना नेहमी सांगते.

हॅरी पॉटरबद्दल मंडळीत एकमत नसतं. त्या मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर १ करिंथकरांस १५:२६ हे वचन कोरलेलं आहे: शेवटचा शत्रू जो मृत्यू, तो नाहीसा केला जाईल. त्यावर फार चांगली चर्चा होऊ शकते. पण सुरुवात त्याने करू नका. आधी विश्वास कमवा.

पाळक आणि पालकांशी बोलणं

हे टाळू नका. पाळकसाहेबांना चित्रपटाचं नाव, दिवस आणि कोणतं वचन घेणार ते आधी सांगा. पालकांसाठी एका कागदावर चार ओळी पुरतात.

जादूचा प्रश्न इथेच निघेल. एका आजीने मला विचारलं होतं, "पोरं जादूटोण्याकडं वळली म्हंजे?" त्यांची काळजी खरी होती. भानामती, करणी, बाबा-बुवा हे आपल्याकडे पडद्यावरचं नाही, गल्लीतलं आहे. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. अनुवाद १८:१० ते १२ मध्ये चेटूक आणि मृतांना विचारणं साफ मना केलं आहे, आणि आपण ते तसंच शिकवतो. मग चित्रपटात काय बघायचं? शक्ती कुणाला हवी आहे आणि कशासाठी, हे. नार्नियात दुसऱ्याला दगड करून ठेवणारी जादू चेटकिणीची आहे. टोल्किन यांच्या कथेत अंगठी म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा, आणि तिचा चांगला वापर करू म्हणणारे भले लोकसुद्धा तिच्यामुळे नासतात. म्हणून ती वापरायची नाही, नष्टच करायची. हे मी त्या आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग मीपण येते बघायला. आल्या, आणि पूर्ण बसल्या.

तरीही एखाद्या घराने नको म्हटलं तर नको. त्या मुलाला चर्चेला बोलवा. गोष्ट बाकीची मुलं त्याला सांगतील, आणि गोष्ट सांगताना कुणी काय गाळलं तेही तुम्हाला कळेल.

शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या घरातली मुलं येणार असतील तर त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगा: चित्रपट आहे, नंतर आम्ही आमच्या शास्त्रातलं वाचतो आणि बोलतो. सिनेमाचं आमिष दाखवून कुणाला बसवायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जे लपवून सांगावं लागतं ते सुवार्ता राहत नाही.

कुठे, कधी, कसं

ओटीटीची वर्गणी आणि डीव्हीडी या घरगुती वापरासाठी असतात. चर्चच्या हॉलमध्ये जाहीर दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते. आम्ही सरळ घरीच बघतो: तीन-चार घरं, प्रत्येक घरी सात-आठ मुलं, आणि चर्चा मात्र रविवारी सगळ्यांची एकत्र. चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र तपासा. आता यूएमध्येही ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे वेगळे गट आले आहेत. लहानांना मोठ्यांच्या चित्रपटाला बसवू नका, ते कितीही रडले तरी.

वेळ संध्याकाळी सातनंतरची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन तास बसणं ही शिक्षाच. खिडकीवर सोलापुरी चादर टाकली की रस्त्यावरचा दिवा अडतो. इतकी जाड चादर आणखी कुठे मिळणार? जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत काही ठरवू नका, मुलं जत्रेत असतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. सर्वांत चांगला काळ म्हणजे उन्हाळी सुट्टीतलं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, नाहीतर पुनरुत्थानाच्या सणानंतरचे रविवार, कारण तेव्हा वधस्तंभाची गोष्ट मुलांच्या कानांत ताजी असते.

भाषेचं पाहून घ्या. आमच्याकडे घरी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं एकत्र असतात आणि इंग्रजी संवाद बहुतेकांना झेपत नाहीत. हिंदी डबिंग असलेली आवृत्ती मिळाली तर ती घ्या. वचन मात्र मराठीतून, मोठ्याने, एखाद्या मुलाकडूनच वाचून घ्या.

शेंगा आणि चहा मध्यंतराला. मध्यंतर तुम्हीच ठरवा, पण असलानला बांधतात त्या पाषाणाच्या मेजाच्या दृश्याआधी नको.

बघताना गप्प बसा

पहिल्या वर्षी मी दर दहा मिनिटांनी चित्रपट थांबवून "बघा, हे म्हणजे काय?" असं विचारत होते. तासाभरात मुलं माझ्या तोंडाकडे बघून हवं ते उत्तर देऊ लागली. प्रत्येक प्रश्नाला "येशू". गोष्ट मेली आणि वचनही पोचलं नाही. आता मी रिमोट दुसऱ्याच्या हातात देते.

तुम्ही मात्र तो चित्रपट आधी एकट्याने पाहिलेला असला पाहिजे, वही घेऊन. वहीत दोन रकाने करा. एकात "जुळतं", दुसऱ्यात "जुळत नाही". दुसरा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही नीट पाहिलं नाही.

तीन प्रश्न

चर्चेला पाऊण तास ठेवा आणि प्रश्न तीनच.

पहिला: कोणतं दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही? इथे चूक-बरोबर नाही. कुणी म्हणेल घोडे, कुणी म्हणेल बर्फ वितळतं ते. लिहून घ्या. गप्प बसणारी मुलं याच प्रश्नाला तोंड उघडतात.

दुसरा: किंमत कुणी दिली? माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हा प्रश्न आहे. चांगल्याचा विजय जवळपास प्रत्येक सिनेमात होतो, त्यात ख्रिस्ती असं काही नाही. विजय कशाने झाला आणि तो कुणाला केवढ्याला पडला, हे विचारलं की गोष्टीचा खरा चेहरा दिसतो. नार्नियात एडमंड मिठाईसाठी आणि राजा व्हायच्या आशेने सख्ख्या भावंडांना विकतो. शिक्षा त्याचीच. मेजावर बांधला जातो तो असलान, स्वतःहून, आयाळ कापून घेऊन, हसणाऱ्यांच्या मधून चालत. रोमकरांस ५:८ त्याच वेळी वाचा: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. एडमंडच्या बहिणी सुझन आणि लूसी रात्रभर त्याच्याजवळ राहतात, तिथे मत्तय २७:५५ आणि २८:१ मधल्या स्त्रिया आठवतात. मेज दुभंगतं तिथे मंदिराचा फाटलेला पडदा, मत्तय २७:५१.

पण मला या चित्रपटातलं सर्वांत प्रिय दृश्य दुसरंच आहे. एडमंडला सोडवून आणल्यावर असलान त्याच्याशी उंच खडकावर एकटाच बोलतो. आपल्याला ते लांबून दिसतं. एक शब्द ऐकू येत नाही. मग तो त्याला भावंडांकडे आणतो आणि झाल्या गोष्टीबद्दल त्याच्याशी बोलायची गरज नाही, असं सांगतो. आता लूक २४:३४ काढा. प्रभू खरोखर उठला आहे आणि शिमोनाला दिसला आहे, एवढंच तिथे म्हटलं आहे. तीन वेळा नाकारणारा पेत्र आणि उठलेला प्रभू पहिल्यांदा भेटले तेव्हा काय बोलले, हे एकाही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. मी मुलांना विचारते, काय बोलले असतील? आणि मग थांबते. एकदा एक मुलगी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "तो ओरडला नसेल." घरी रोज ओरडा खाणारी मुलगी होती ती. त्या दिवशी मी पुढे काही शिकवलं नाही.

तिसरा प्रश्न: वचनाशी कुठे जुळत नाही? हा टाळला तर मुलांच्या डोक्यात सिंह आणि प्रभू यांची खिचडी होते. असलान एका मुलासाठी मरतो, ख्रिस्त जगासाठी. असलान एका रात्रीत उठतो. प्रभू तिसऱ्या दिवशी. चेटकिणीला हक्क होता आणि तिने तो वसूल केला. पण मार्क १०:४५ खंडणी कुणाला दिली हे सांगत नाही, आणि आपणही सैतानाला सावकार करून ठेवू नये. आमच्या त्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाचा हा भाग अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि हे मी त्याला तसंच सांगितलं.

याच प्रश्नाला शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू घरातला मुलगा म्हणाला, "आमच्या मार्कंडेयालापण यम न्यायला आला होता, आणि महादेवाने वाचवलं." नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा तो दरवर्षी वडिलांबरोबर जातो. वर्गातली दोन मुलं हसली, त्यांना मी थांबवलं. मग त्यानेच विचार करून पुढचं सांगितलं: "पण मार्कंडेय मेला नाही, वाचला. सिंह मेला, मग आला." माझ्या वहीतल्या दोन्ही रकान्यांत इतकं नेमकं काही लिहिलेलं नव्हतं.

अंगठीच्या चित्रपटांसाठी एक स्वतंत्र सूचना

इथे ख्रिस्त शोधायला एकाच पात्राच्या मागे लागू नका. गँडाल्फ हा जादूगार पडतो आणि परत येतो, ॲरागॉर्न हा दडलेला राजा आहे, अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ओझं वाहतो. तुकडे वाटले गेले आहेत. त्याऐवजी ओझ्याचा धागा धरा. शेवटच्या चढावर फ्रोडोचा सोबती सॅम म्हणतो की अंगठी मी वाहू शकत नाही, पण तुला उचलून नेऊ शकतो, आणि फ्रोडोला खांद्यावर घेतो. गलतीकरांस ६:२ म्हणतं एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळींनी ६:५ म्हणतं प्रत्येकाने आपला भार वाहिला पाहिजे. मुलांना हे एकमेकांच्या उलट वाटतं. त्या चढाचं दृश्य दाखवल्यावर मला ते समजवावं लागलं नाही. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या बापाचा एक मुलगा म्हणाला, पोतं ज्याचं त्याचंच असतं, पण हात लावणारा असला की उचलतं.

शेवटी फ्रोडो हरतो, हेही दाखवून द्या. दरीच्या काठावर तो अंगठी टाकत नाही, बोटात घालतो. रोमकरांस ७:१९ शी हे ताडून बघा. काम पुरं होतं ते अंगठीच्या हव्यासाने मागे लागलेल्या गोलममुळे, आणि गोलम जिवंत असतो तो फार पूर्वी फ्रोडोचा नातेवाईक बिल्बो याने त्याच्यावर केलेल्या दयेमुळे. मोठ्या मुलांना यावर तासभरही पुरत नाही.

पुढच्या रविवारी

चर्चा झाल्यावर लगेच प्रार्थना घेऊन घाई करू नका. उरलेले प्रश्न फळ्यावर तसेच ठेवा. २०१० च्या तिसऱ्या नार्निया चित्रपटाच्या शेवटी असलान मुलांना सांगतो की तुमच्या जगात माझं दुसरं नाव आहे, आणि त्या नावाने तुम्ही मला ओळखायला शिकलं पाहिजे. तो चित्रपट झाला त्या रात्री मी काहीच विचारलं नाही. मुलं चपला शोधत होती, बाहेर वडील गाड्या घेऊन उभे होते. रविवारी वर्गात आल्यावर खडू त्यांच्या हातात दिला.